शेत मोजलं, घर राहिलं

मु. पो. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड. पाकिटावर एवढा मजकूर आणि त्याच्या वर माणसाचं पूर्ण नाव असलं, की पत्र पोचतं. गल्लीचं नाव लागत नाही, घराचा क्रमांक लागत नाही. बापाचं नाव मात्र लागतं, कारण एकाच आडनावाची कितीतरी घरं गावात असतात आणि त्यातून नेमका माणूस काढायचा तर बापाचं नाव हाच धागा. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो रचला. त्या सहा आकड्यांनी पत्र देशाच्या कोणत्याही टोकाहून नेमक्या टपाल कार्यालयात येऊ लागलं. पुढचा, कार्यालयापासून उंबऱ्यापर्यंतचा प्रवास मात्र पोस्टमनच्या ओळखीवरच राहिला.

याच गावातल्या शेतकऱ्याला त्याचं शेत कुठं आहे ते विचारलं, तर तो सर्व्हे नंबर किंवा गट नंबर तोंडपाठ सांगतो. किती हेक्टर, किती आर, पोटखराबा किती, सामाईक विहिरीत वाटा किती, हे सगळं सातबाऱ्यावर आहे आणि त्याच्या डोक्यातही आहे. माळावरच्या, काहीच न पिकणाऱ्या तुकड्यालाही नंबर आहे. ज्या घरात तो जन्मला, ज्या माळवदाखाली त्याच्या आजोबांनी शेवटचा श्वास घेतला, त्या घराला तसा नंबर नव्हता. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांची हीच स्थिती होती. शेताला क्रमांक मिळाल्यानंतर घराला हक्काचा क्रमांक मिळायला जवळपास दीडशे वर्षं लागली. असं का झालं आणि मधल्या काळात घरांवर कोणकोणते आकडे उमटले आणि पुसले गेले, हा आपल्या गावांचा फारसा न सांगितला गेलेला इतिहास आहे.

कारण सरळ आहे. राज्यकर्त्याला मोजणी हवी असते ती वसुलीसाठी, आणि गावात महसूल द्यायची ती काळी, म्हणजे शेतजमीन. पांढरीवर, म्हणजे गावठाणात, लोक राहायचे. तिथून सारा येत नव्हता. मग ती मोजायची कशाला?

इंग्रजांनी आधुनिक जमीनमोजणीची सुरुवात १८३६च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी घालून दिलेली पद्धत अशी, की प्रत्येक शेताची हद्द दगड रोवून पक्की करायची, त्याला क्रमांक द्यायचा, जमिनीचा कस पाहून आकार ठरवायचा आणि तो तीस वर्षं कायम ठेवायचा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. तिथं पहिल्या सालारजंगांनी दिवाण झाल्यावर कारभाराची नव्यानं घडी बसवली. महसूल मक्त्यानं गोळा करून देणारे मध्यस्थ कमी केले, जिल्हे आखले, पगारी तालुकदार नेमले. १८७०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली तीही मराठवाड्याच्या बाजूनं. तिच्यातून तयार झालेली सेतवार, म्हणजे गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरची मूळ नोंदवही, आजही मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादांत पहिला पुरावा म्हणून काढली जाते. पुढे १३१७ फसलीत, म्हणजे १९०७-०८च्या सुमारास, हैदराबादचा जमीन महसूल कायदा आला आणि या व्यवस्थेला पक्का कायदेशीर पाया मिळाला.

त्या काळातल्या मोजणीचा गावनकाशा समोर ठेवला तर सगळं डोळ्यांना दिसतं. चहूबाजूंनी शेतांचे तुकडे, प्रत्येकात आकडा, ओढा, गाडीवाट, विहिरींच्या खुणा. मधोमध एक वेडीवाकडी आकृती आणि तिच्यावर एकच शब्द, गावठाण. आत एकही रेघ नाही. तीनशे घरं असोत की हजार, त्यांच्या भिंती, बोळ, पार, चावडी, मारुतीचं देऊळ, मशीद हे सगळं त्या कोऱ्या आकृतीत बुडालेलं. मोजणीदाराची साखळी वेशीपर्यंत आली आणि तिथूनच मागं वळली.

मग घराचा व्यवहार कसा व्हायचा? चतुःसीमेनं. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याचा गोठा. खरेदीखत असो की वाटणीपत्र, घराची ओळख शेजाऱ्यांच्या नावानं. शेजारी मेला, त्याचं घर पडलं, जागा विकली गेली, की चतुःसीमाच हलायची. त्यात मराठवाड्याची आणखी एक अडचण होती. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर आधी फारसीत आणि १८८०च्या दशकापासून उर्दूत होतं, तर गावपातळीवर बराचसा लिहिणारा हात मोडीचा. पन्नास वर्षांनी नातवानं पेटीतून कागद काढला तर तो वाचायलाच माणूस शोधावा लागायचा, आणि वाचल्यावर कळायचं की त्यात नंबर नाही, फक्त गेलेल्या माणसांची नावं आहेत.

शहरांत असं नव्हतं. युरोपात व्हिएन्नाच्या राजघराण्यानं १७७०पासून आपल्या मुलखातल्या घरांवर क्रमांक रंगवून घेतले ते सैन्यभरतीसाठी. कोणत्या घरात किती धडधाकट पुरुष आहेत हे त्यांना हवं होतं. पॅरिसमध्ये १८०५च्या हुकुमानं रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम आकडे आले आणि सीन नदी हा मोजण्याचा आधार ठरला. आपल्याकडे पुण्यात पेठेगणिक घरांना क्रमांक मिळाले. निजामाच्या मुलखातल्या शहरांत वेगळी रीत रुजली. आधी वॉर्ड, मग त्यातला भाग, मग घर, असे आडव्या रेघांनी जोडलेले तीन आकडे. हैदराबादेत आजही दारावर तेच दिसतात. औरंगाबाद आणि नांदेडच्या जुन्या वस्तीतही तशा आकड्यांचे पत्ते लोक अजून लिहितात. नगरपालिकेला घरपट्टी हवी होती, म्हणून शहरातलं घर आकड्यात आलं. खेड्यात घरपट्टी घेणारं कुणी नव्हतं, म्हणून खेड्यातलं घर आकड्याबाहेर राहिलं.

खेड्यातल्या घरावर पहिला आकडा आला तो पैशासाठी नव्हे, माणसं मोजण्यासाठी. १७ फेब्रुवारी १८८१ला सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी शिरगणती झाली. हैदराबाद राज्याची ती पहिलीच. एका रात्रीत सगळ्यांची गणना करायची तर आधी प्रत्येक घर हाती हवं. म्हणून गणतीच्या काही आठवडे आधी घरांना क्रमांक घालायचं काम सुरू व्हायचं. गेरू कालवायचा आणि चौकटीवर किंवा भिंतीवर आकडा काढायचा. घरावर सरकारी आकडा पडला म्हणजे नवा कर येणार, भरती होणार, माणसं कुठंतरी नेणार, अशी भीती देशात ठिकठिकाणी पसरली होती. संथाळांच्या मुलखात तर त्यावरून मोठी खळबळ झाली. ज्यांनी तोवर सरकारी आकडा फक्त वसुलीच्या कागदावर पाहिला होता, त्यांना तो आपल्या दारावर पाहून धास्ती वाटली तर त्यात नवल नाही.

गेरूचा आकडा पहिल्या पावसात धुऊन जायचा आणि दहा वर्षांनी नवा यायचा. जुन्या आकड्याशी नव्याचा काही संबंध नसायचा. तरीही या कामाची एक पद्धत हळूहळू घडत गेली आणि ती बारकाईनं पाहण्यासारखी आहे. प्रगणक वस्तीच्या वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करतो आणि आग्नेय कोपऱ्यात संपवतो. कुणाचा वाडा मोठा, कोण मानाचा, देऊळ कुठं, याचा त्या क्रमाशी संबंध नाही. दिशा तेवढी पाहायची. आधी भवनाला क्रमांक, मग त्यातल्या प्रत्येक स्वतंत्र मुख्य दाराच्या घराला कंसात उपक्रमांक. म्हणजे दहाव्या भवनात दोन घरं असली तर १०(१) आणि १०(२). नंतर मध्येच एखादं नवं भवन सापडलं तर १०/१. कच्च्या नकाशात पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण; जिथं कुणी राहत नाही ते दुकान, गोठा किंवा शाळा रेघा ओढून भरलेली. आकड्याशेजारी बाण, म्हणजे पुढचं घर कोणत्या बाजूला ते कळावं.

मराठवाड्यातल्या वाड्यात ही पद्धत शिरली की तिची खरी परीक्षा व्हायची. बाहेर एकच दरवाजा, आत ढेळज, मग चौक आणि चौकाभोवती चार भावांच्या खोल्या. घर दारावरून ठरतं आणि कुटुंब चुलीवरून. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. गेल्या वर्षापर्यंत एक चूल होती, आता थोरली सून वेगळी रांधते; मग कुटुंबं दोन. म्हातारी आई कोणत्या चुलीची? त्या वाड्यात प्रगणक म्हणून आकडा घालायला गेलेल्या शिक्षकाला आधी घरातली वाटणी समजून घ्यावी लागते. त्याच्या वहीतल्या कंसातल्या आकड्यात कधी कधी त्या घराचं भांडणही नोंदलं जातं.

या आकड्यांनी काय दिलं, तेही सांगायला हवं. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८०७ निघाल्या. राज्यातला तो सर्वांत लाजिरवाणा आकडा. गर्भातच मुली मारल्या जात होत्या, हे कुजबुजीनं सगळ्यांना माहीत होतं, पण दारोदार फिरून घर न घर मोजलं नसतं तर ते इतक्या उघडपणे सिद्ध झालं नसतं. गेरूच्या त्या वेड्यावाकड्या आकड्यामागे एवढं बळ होतं.

१७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या. १९५४च्या सुमारास खासरा पाहणी पत्रक झालं आणि कोणत्या शेतात कोण कसतो याची नव्यानं नोंद झाली. पुन्हा शेताचीच. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५८च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानं खेड्यात असं कुणीतरी उभं केलं की ज्याला घराकडून पैसे हवे होते. कायद्याच्या कलम १२४नं ग्रामपंचायतीला इमारती आणि जमिनींवर कर बसवायचा अधिकार दिला. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी कर व फी नियम आले आणि ग्रामसेवकाच्या कपाटात नमुना ८ दाखल झाला.

नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिच्यात अनुक्रमांक, गल्लीचं नाव, मालमत्ता क्रमांक, धारण करणाऱ्याचं नाव, भोगवटा करणाऱ्याचं नाव, घराचं वर्णन, क्षेत्रफळ, आणि मग घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी. वर्णनाच्या रकान्यात गावाची सगळी बांधकामं येतात. मातीचं माळवद, दगड-मातीचं, पत्र्याचं, विटा-सिमेंटचं, कुडाचं. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्यानं करायची असा दंडक. नव्या यादीत घर पडलेलं असेल तर ओळ जाते, वाटणी झाली असेल तर एका ओळीच्या दोन होतात. त्यामुळे ४५ क्रमांकाचं घर पुढच्या यादीत ५१ होऊ शकतं आणि धाकट्या भावाचा भाग कुठेतरी शेवटी १८०च्या पुढे जाऊ शकतो. शेजारी राहून आकड्यात लांब. पंचायतीला वसुलीपुरता तो चालतो, म्हणून चालत राहिला.

आणि तरीही नमुना ८चा उतारा हा खेड्यातल्या माणसाच्या हातातला सगळ्यांत मोलाचा कागद झाला. दुसरा कागदच नव्हता. वीजजोडणी घ्यायची, रेशनकार्ड काढायचं, घरकुलाचा अर्ज करायचा, मुलाला रहिवासी दाखला हवा, की आठचा उतारा. न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली, की ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँकेचा अधिकारीही तेच सांगायचा. शेत गहाण ठेवून कर्ज मिळायचं, घर ठेवून मिळत नसे. ज्याला शेतच नाही त्या भूमिहीन मजुराकडे गहाण ठेवायला काहीच उरत नसे. घराला क्रमांक नसण्याची सगळ्यांत मोठी किंमत त्यानं मोजली असं मला वाटतं, आणि ती कोणत्याही हिशोबात धरली गेली नाही.

या नोंदवहीत एक चांगली गोष्ट मात्र घडली. २००३ साली राज्याच्या ग्रामविकास विभागानं आदेश काढला, की घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी. तोवर धारकाच्या रकान्यात बाईचं नाव यायचं ते बहुधा विधवा झाल्यावर. अंमलबजावणी गावोगाव कमीजास्त झाली. पण जिथं झाली तिथं नवऱ्यानं दारूच्या भरात घर विकायला काढलं तर अडवायला बायकोच्या हाती कागद आला.

दरम्यान दारांवर आणखीही आकडे येत-जात राहिले. १९५३मध्ये हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटी फवारणारी टोळी यायची, भिंतीवर आकडा आणि तारीख टाकून जायची. मग ठरावीक दिवसांनी आरोग्य कर्मचारी फेरी करायचा, ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि भेटीची तारीख दारामागे लिहायचा. डिसेंबर १९९५पासून पल्स पोलिओ आला आणि पुढे खडूच्या खुणा आल्या. चमूचा क्रमांक, तारीख, घराचा क्रमांक, पुढच्या घराकडे बाण. घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला डोस मिळाला असेल तर पी, एखादं राहिलं असेल किंवा दाराला कुलूप असेल तर एक्स. एक्सच्या घरी पुन्हा जायचं. दार उघडेपर्यंत जायचं.

बीड जिल्ह्यात कुलपाचा प्रश्न किरकोळ नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. केज तालुका त्यात आहेच. लेकरं गाडीत, म्हातारी माणसं गावात, दाराला कुलूप. मार्च-एप्रिलपर्यंत गल्ल्याच्या गल्ल्या बंद. ती माणसं कारखान्याच्या तळावर पालात राहतात. पालाला क्रमांक नसतो, फड बदलला की पाल बदलतं. २०११ची माणसांची गणना फेब्रुवारीत झाली. घरयादी मात्र २०१०च्या उन्हाळ्यात, माणसं परतल्यावर. म्हणजे ज्या दारावर आकडा पडला ते एका ठिकाणी आणि दारामागची माणसं मोजली गेली दुसऱ्या ठिकाणी. पोलिओच्या लसीकरणाला मात्र हा खेळ परवडणारा नव्हता. एक मूल सुटलं तरी सगळी मेहनत वाया, म्हणून स्थलांतरितांच्या तळांवर, वीटभट्ट्यांवर, रस्त्यावर थांबून डोस दिले गेले. मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. घराचा आकडा प्रामाणिकपणे वापरला तर काय साधतं, याचं त्याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही.

मतदार यादीचं उलट. नियमांप्रमाणे यादीतली नावं घराच्या क्रमानं लावायची असतात. खेड्यात घराला क्रमांकच नसला तर लिहायचं काय? कुठं काल्पनिक आकडा, कुठं आडवी रेघ, कुठं शून्य. १७ ऑगस्ट २०२५ला मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांना देशाला समजावून सांगावं लागलं, की अनेक घरांना पंचायतीनं किंवा पालिकेनं क्रमांकच दिलेला नसतो, म्हणून तिथं शून्य येतं. यादीबद्दलचे वाद आपल्या जागी. पण खेड्यातल्या माणसाचा पत्ता शून्य असणं ही तोवर फक्त तलाठ्याला आणि शिक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट त्या दिवशी साऱ्या देशानं ऐकली.

शेताची नोंद घराच्या नोंदीपेक्षा किती वरचढ होती, याचा दाखला शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळाला, आणि तो फार वेदनेनं मिळाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. घर किती मोठं द्यायचं, याचा निकष काय? पडलेलं घर केवढं होतं याची खात्रीची नोंद नव्हती. शेताची होती. मग ठरलं, की भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. सात-आठ माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला दोन खोल्या आणि चार माणसांच्या बागायतदाराला तिप्पट घर. कुणाच्या घराचा आकार त्याच्या शेतानं ठरवावा, ही गोष्ट आजही मनाला लागते.

नव्या गावांत रस्ते सरळ, प्लॉट ओळीत, प्रत्येकाला क्रमांक. गावठाणाच्या नकाशात पहिल्यांदाच आतल्या रेघा आल्या. पण जुने शेजार तुटले. पार, चौक, बोळ यांच्याभोवती विणलेली ओळख गेली. नव्यानं राहायला आलेल्या म्हाताऱ्यांना स्वतःचं घर आकड्यावरून शोधावं लागलं, कारण सगळी घरं सारखीच.

जुन्या गावठाणांच्या आत रेघ ओढायचं काम त्यानंतरही पाव शतक राहिलं. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२६मध्ये गावाच्या वस्तीतल्या जमिनींच्या मोजणीची तरतूद होती, दोन हजारांहून जास्त लोकवस्तीची गावठाणं त्यासाठी धरली जायची. पण हातानं, फळी आणि टेप घेऊन घरन्‌घर मोजायचं काम एवढं किचकट की ते मोजक्या गावांपलीकडे गेलं नाही. तिढा सुटला ड्रोननं. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभागानं मिळून प्रयोग केला. तो जमल्यावर २०१९मध्ये राज्यभरातल्या गावठाणांसाठी योजना ठरली. २४ एप्रिल २०२०ला, पंचायत राज दिनी, केंद्रानं स्वामित्व योजना जाहीर केली आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

ड्रोन उडायच्या आधी जे घडतं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दवंडी देऊन किंवा व्हॉट्सॲपवर कळवून दिवस ठरतो. घरमालकानं आपली हद्द चुन्याच्या रेघेनं आखून ठेवायची, म्हणजे वरून फोटोत ती दिसेल. सरपंच, ग्रामसेवक, भूमापक गल्लीतून फिरतात. वरवर साधं काम. पण आजवर दोन घरांमधला अडीच फुटांचा बोळ कुणाचा, पन्हाळीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं, पुढे आलेला ओटा कुणाच्या परवानगीनं, हे मोघम ठेवूनच गाव नांदत आलेलं असतं. चुन्याची पिशवी हातात आली की मोघम ठेवता येत नाही. रेघ इकडून की तिकडून, हे तिथंच, शेजाऱ्यासमोर ठरवावं लागतं. काही ठिकाणी दोन भावांनी एकाच बोळात दोन रेघा ओढल्या. काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांनी मध्ये पडून दोन पिढ्यांचा वाद अर्ध्या तासात मिटवला.

मग ड्रोन वरून टिपतो, त्यावरून १:५००च्या प्रमाणात नकाशा होतो, भूमापक घरोघरी चौकशी करून मालकाचं नाव नोंदवतो, हरकती ऐकल्या जातात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक पडतो. ठरावीक शुल्क भरलं की सनद आणि मिळकत पत्रिका. १८ जानेवारी २०२५ला देशभरात एका दिवशी ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिकांचं वाटप झालं. साखळी जिथून मागं वळली होती त्या वेशीच्या आत सरकारी मोजणी अखेर आली.

घराला क्रमांक नसला की ओळख कशावरून चालते, याचा एक भाग अजून सांगायचा राहिला. ती वस्तीवरून चालते, आणि वस्ती जातीवरून. पत्ता सांगताना माणसाची जात सांगून व्हायची. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, टपालावर. डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं हद्दपार करण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. पाटी बदलली. बोलण्यातलं नाव एवढ्या लवकर बदलत नाही. तिथं क्रमांकाचं मोल वेगळं आहे. जनगणनेच्या वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या ओळीत वेशीच्या आतलं घर आणि बाहेरचं घर एकाच मोजणीत येतं, आणि आकडा त्या घरात कोण राहतं ते सांगत नाही. वेशीबाहेरच्या तरुणाला शहरातल्या नोकरीच्या अर्जावर वस्तीच्या नावाऐवजी घर क्रमांक लिहिता आला असता, तर मुलाखतीच्या आधीच त्याच्याबद्दल मत बनवायची सोय कुणाला राहिली नसती.

आज एकाच घराला तीन-चार आकडे आहेत. नमुना ८चा मालमत्ता क्रमांक, मिळकत पत्रिकेवरचा भूमापन क्रमांक, मतदार यादीतला आकडा, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक. ते एकमेकांशी जुळत नाहीत. मे २०२५मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणलं. सारा देश सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांची खूण दिली. नांदूरघाटातल्या माळवदालाही ती आहे, उसाच्या फडातल्या पालालाही. रुग्णवाहिकेला, अग्निशमनाच्या गाडीला ती उपयोगी पडेल. पण ती जागेची खूण आहे, घराची नव्हे. तिथं कोण राहतं, कुणाचा हक्क आहे, हे तिला ठाऊक नाही. आणि दारावर पाहून ती कुणी वाचू शकत नाही.

दारावरची पाटी मात्र अजून कुणाचंच काम झालेली नाही. ड्रोननं दिलेला क्रमांक पत्रिकेवर आहे, भिंतीवर नाही. ग्रामपंचायतीनं तोच क्रमांक नमुना ८मध्ये घ्यावा, तोच पत्र्याच्या पाटीवर रंगवून चौकटीवर ठोकावा, तोच मतदार यादीत जावा, एवढं केलं तरी शून्याचा पत्ता संपेल. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो, गल्ल्यांची नावं एकदा बसून ठरवावी लागतात आणि दर चार वर्षांनी आकडे नव्यानं न फिरवण्याची शिस्त लागते.

लवकरच मोठी संधी आहे. कोविडमुळे लांबलेल्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली आणि १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भ दिवस ठरला. यावेळी नोंद मोबाइलवर होणार आणि प्रत्येक इमारतीचं ठिकाण नकाशावर टिपलं जाणार. घरयादी त्याच्या आधी. पण मार्चच्या पहिल्या तारखेला केज तालुक्यातली कितीतरी माणसं कारखान्यांच्या तळांवर असतील, गळीत हंगाम संपायचा असेल. गावातल्या त्यांच्या दाराला आकडा असेल आणि कुलूपही असेल. पालांच्या रांगेत फिरणाऱ्या प्रगणकाच्या हाती त्या दाराचा आकडा असला, तरच बीड जिल्ह्याच्या त्या कुटुंबाची घरातली ओळ आणि फडातली ओळ एकत्र जोडता येईल.